तीन-चार गळांच्या माळा गुंता न होता ठेवायच्या कशा?

मार्कंडेयकाठ

नमस्कार मंडळी. शनिवारी रात्री एकला बेळगाव सोडलं, दोघं एका गाडीवर. शिनोळी, नांगरतास, आंबोली, सावंतवाडी करत उजाडायच्या आत वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर पोचलो. वारा नाही, पाणी निवळ, आणि दिव्याखाली बांगड्याचा थवा असा फिरत होता की पाण्यावर बारीक पाऊस पडतोय असं वाटावं. घाईघाईनं डबा उघडला. आत सहा गळांच्या चार सबिकी, म्हणजे पाकिटात मिळतात त्या तयार जपानी माळा, आणि खडपातल्या माशांसाठी घरी बांधलेल्या तीन-तीन गळांच्या पाच माळा होत्या. म्हणजे घरातून निघताना होत्या. बाहेर निघाला तो एकच गोळा, सुगरणीचं घरटं जसं, फक्त ह्याला एकोणचाळीस टोकं.

मोबाईल तोंडात धरून पाऊण तास सोडवत बसलो. एक सबिकी मोकळी झाली तोवर फटफटलं आणि बांगडा गेला. शेजारी तिथलंच एक पोरगं बसलं होतं, त्यानं बादली भरली आणि उठलं. जाताना माझ्याकडं बघून काहीच बोललं नाही, तेच जास्त लागलं.

ठेवायची पद्धत अशी होती: प्रत्येक माळ चार बोटांवर गुंडाळायची, छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, सगळ्या पिशव्या एका डब्यात. चुकलं कुठं? बाजारात मिळतात त्या माळ गुंडाळायच्या चकत्या घ्याव्यात का? का घरातच काही जमतं?

हिडकलचा_बगळा

एकोणचाळीस! मोजलास म्हणजे बराच वेळ होता.

तंगूसअण्णा

मार्कंडेयकाठ, वाईट वाटून घेऊ नकोस. ह्या गोळ्यातून प्रत्येकजण गेलेला आहे. कुणी सांगतं, कुणी सांगत नाही.

पिशवीत ठेवणं चूक नाही, पिशवीत सैल ठेवणं चूक. गळ पातळ प्लास्टिकमधून सहज आरपार जातो. एकदा टोक बाहेर आलं की ते शेजारच्या पिशवीत शिरतं, आणि पुढं घाटातला प्रत्येक खड्डा त्याला आणखी आत ढकलतो. टोक कशात तरी रुतलेलं आणि दोरी ताणात, ह्या दोन गोष्टी सांभाळल्या तर माळ कशावरही गुंडाळ, चालतं.

पण त्याच्या आधीची गोष्ट कुणी विचारत नाही. माळ बांधताना मधल्या फांद्या किती लांब ठेवतोस? मुख्य दोरीतून आडवी निघते, जिच्या टोकाला गळ असतो, तिला आम्ही फांदी म्हणतो. माझा हिशेब असा: दोन फांद्यांमध्ये ३० सेंमी अंतर असेल तर फांदी १२ सेंमीच्या वर नको. १२ आणि १२ चोवीस, तिसाच्या आत. म्हणजे दोरी ताणलेली असताना वरचा गळ आणि खालचा गळ एकमेकांना शिवूच शकत नाहीत. नवीन पोरं २० सेंमीच्या फांद्या काढतात, दोन्ही मिळून ४० झाल्या, आणि मग डब्याला दोष देतात. पाण्यात टाकतानाच ते दोन गळ हातात हात घालून जातात.

फांदीचा तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, मुख्य दोरीपेक्षा थोडा ताठ घे. मऊ फांदी दोरीभोवती वेलासारखी चढते.

आणि शिसं! माळ बुडवायचं ते वजन काढून ठेवतोस की तसंच? तसंच ठेवत असशील तर तो डब्यातला घण आहे.

मार्कंडेयकाठ

अण्णा, शिसं तसंच होतं. पाचही माळांना. आणि फांद्या आताच मोजल्या, १८ सेंमी.

तंगूसअण्णा

हं.

वडगावचा_धोटा

मी मासे धरत नाही, मेहुणा धरतो, पण गुंडाळण्यावर बोलायचा हक्क मला आहे. आमच्या वडगावात घराघरात माग. लहानपणी शाळेतून आलं की कांड्या, म्हणजे धोट्यात बसतात त्या सुताच्या नळ्या, भरायचं काम पोरांकडं. कांडी ढिली भरली की धोटा फिरताना दहा वेढे एकदम सुटून येतात, माग थांबतो आणि आजोबांचा आवाज तिसऱ्या गल्लीत ऐकू जातो. तेव्हा शिकलो ते असं: ताण पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा पाहिजे. आधी घट्ट आणि नंतर सैल, हे सगळ्यात वाईट, कारण वरचे सैल वेढे खालच्या फटीत घुसतात. वेढ्याच्या शेजारी वेढा बसवा. आणि सुटं टोक डोळ्याला दिसलं पाहिजे. टोक हरवलं की शोधताना माणूस कुठलाही वेढा ओढतो, आणि खरी गाठ तिथं बसते.

मेहुण्याला मी जुन्या कांड्या दिल्या होत्या. त्या चालल्या नाहीत, कारण कांडी बारीक. सुताला चालते, तंगूस मात्र बारीक वेढ्यात बसला की तसाच वळून राहतो, पाण्यात सोडला तरी स्प्रिंगसारखा. त्याला जाड बूड पाहिजे.

रबरबँड लावू नका. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तो चिघळतो आणि तंगूसाला चिकटतो. सायकलची जुनी ट्यूब आडवी कापा, चांगल्या बोटभर रुंद रिंगा निघतात, वर्षानुवर्षं टिकतात.

हिडकलचा_बगळा

माझी पद्धत सांगतो, हसायचं नाही. जुनी हवाई चप्पल.

पट्टे काढून टाकायचे. तळवा घासणीनं खसखसून धुवायचा, कारण त्यात वाळू बसलेली असते आणि वाळूवर गळाचं टोक बोथट होतं. वाळला की कटरनं आडवे तुकडे करायचे, हाताच्या पंज्यात मावेल एवढे. साधारण दहा सेंमी लांब, सात-आठ रुंद. एका चपलेत तीन तुकडे निघतात. आखूड बाजूंना इंग्रजी व्हीसारख्या दोन-दोन खाचा. झालं.

आता गुंडाळायचं. शिसं काढून ठेवायचं. शिशाकडचा फास पहिल्या खाचेत अडकवून टाचणी मारायची. मग लांबीवरून वेढे, दोरी बोटानं किंचित ताणून. गळ आला की थांबायचं. फांदी ज्या दिशेनं वेढे चाललेत त्याच दिशेला ओढायची आणि गळाचं टोक चपलेच्या कडेत, म्हणजे जाडीत, रुतवायचं. वरच्या अंगात रुतवलं तर पुढचे वेढे त्याच्यावरून जातात आणि सोडताना नेमके तिथं अडकतात. पुढचा गळ पुढच्या कडेला. शेवटी भोवरा, म्हणजे रॉडच्या दोरीला जोडायची फिरती कडी, त्याला टाचणी.

नुसतं टोक रुतवायचं, उलटा दात आत जाऊ द्यायचा नाही. दात आत गेला की काढताना रबराचा लचका निघतो आणि चार खेपांत कड चाळण होते.

रबर पाणी पीत नाही, हा मोठा फायदा. थर्माकोलवर मी वर्षभर ठेवलं, ते भुगा होऊन डबाभर पसरलं. शिवाय त्याच डब्यात मऊ प्लास्टिकची आमिषं होती, त्यांनी थर्माकोल खाल्ला आणि दोन्ही मिळून चिकट लगदा झाला.

चप्पल नको असेल तर एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोमचा नळा हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो. तो गोल असल्यामुळं तंगूसाला वळणही कमी लागतं. फक्त आत पाइपचा तुकडा घाला, नाहीतर वेढ्यांच्या ताणानं दबतो.

शाहूनगरचा_मास्तर

धोटा यांच्या आजोबांच्या बाजूनं विज्ञानही आहे. २००७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी एका डब्यात दोरी टाकून डबा गरगर फिरवला. एकदा-दोनदा नव्हे, ३४१५ वेळा. काही सेकंदांतच गाठी पडू लागल्या. दोरी ४६ सेंमीपेक्षा आखूड असेल तर गाठ जवळजवळ पडतच नव्हती, त्यापुढं दीड मीटरपर्यंत लांबी वाढेल तशी शक्यता झपाट्यानं वाढली. दोरी ताठ असली किंवा डबा लहान असला तर गाठी कमी. ह्या कामाला २००८ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसायला लावणारं आणि मग विचार करायला लावणारं संशोधन.

आपली तीन गळांची माळ साधारण एक-सव्वा मीटर भरते, म्हणजे ऐन धोक्याच्या पट्ट्यात. आणि त्यांच्या दोरीला फांद्या नव्हत्या, गळ नव्हते, शिसंही नव्हतं. मार्कंडेयकाठ यांनी हाच प्रयोग बेळगाव ते वेंगुर्ला रस्त्यावर केला, फक्त नोंदी ठेवल्या नाहीत.

डबा लहान असावा हे लक्षात घ्या. वळायला जागा नाही तिथं गाठ पडायला वाव नाही. मोठ्या डब्यात पाच चकत्या खुळखुळत ठेवण्यापेक्षा त्या एकमेकींवर दाटीनं रचा, रिकामी जागा उरली तर फडकं कोंबा.

कारवारवारी

बगळा, पद्धत झकास, पण सुरुवात उलटी आहे. शिशाकडचं टोक बाहेर पाहिजे. बाहेरच्या टोकाला आधी शिसं लावायचं, धक्क्यावरून खाली सोडायचं, वजनानं माळ आपोआप उलगडत जाते, शेवटी भोवरा हातात येतो, तो रॉडच्या दोरीला जोडायचा. मोकळे.

हिडकलचा_बगळा

आणि वारा असला तर? शिसं खाली लोंबकळतंय, चकती एका हातात, एकेक गळ रबरातून उपसतोय, रॉड मांडीत. शेवटच्या क्षणी भोवरा निसटला तर अख्खी माळ समुद्रार्पण. माझी गेलेली आहे, म्हणून सांगतोय. आधी भोवरा रॉडला जोडलेला असेल तर काहीही निसटलं तरी माझंच राहतं. रॉडचा शेंडा ताण धरतो, मी चकती फिरवत मागं सरकतो, शिसं सगळ्यात शेवटी.

कारवारवारी

मागं सरकायला जागा पाहिजे ना. होडीत कुठं सरकणार?

तंगूसअण्णा

दोघंही बरोबर आहात. होडीतून सरळ खाली सोडायचं असेल तर शिसं बाहेर, धक्क्यावरून किंवा वाळूवरून फेकायचं असेल तर भोवरा बाहेर. चकतीवर मार्करनं एक खूण करा म्हणजे अंधारात कळेल. माझ्या चकत्यांवर फेकायच्या माळेला एक काट आणि होडीच्या माळेला दोन काटा असतात.

कृष्णाकाठचा_कटला

आमच्याकडं उगार-कुडचीच्या बाजूला समुद्राचं काही नाही, पण गुंता आमचाही आहे. कटल्यासाठी आम्ही स्प्रिंग लावतो. मधे तारेची स्प्रिंग, तिच्यात शेंगदाण्याची पेंड, भाजलेलं बेसन आणि कणीक मळून दाबायची, भोवती आखूड दोऱ्यांवर पाच-सहा गळ, तेही त्याच गोळ्यात खुपसायचे. कटला गोळा चोखायला येतो आणि एखादा गळ तोंडात जातो. ह्या दोऱ्या विणलेल्या, मऊ. अण्णांचा ताठ फांदीचा सल्ला इथं लागू नाही, कारण ताठ दोरी गोळ्यात वळत नाही.

मी औषधाच्या गोळ्यांची रुंद तोंडाची बाटली घेतो. तोंडाच्या कडेला आतून फोमची पट्टी चिकटवायची. स्प्रिंग आत सोडायची, गळ कडेला घड्याळाच्या आकड्यांसारखे ओळीनं रुतवायचे, झाकण बंद. सहा दोऱ्या सहा दिशांना, एकमेकींत जायचा प्रश्नच नाही.

आधी मक्याची दाणे काढलेली बुरकुंडं वापरायचो. आमच्या वाडीत सगळ्यांची तीच पद्धत, वाळलेल्या बुरकुंडात गळ छान रुततो आणि फुकटचं काम. पण ते ओल धरतं. दोन महिन्यांनी बघितलं तर गळाला तांबेरा आणि बुरकुंडाला बुरशी. त्याहून मोठं संकट म्हणजे उंदीर. पेंडीचा वास जराही राहिला तरी उंदीर दोरीसकट कुरतडतात. एकदा सगळ्या स्प्रिंगा जागेवर आणि दोऱ्या गायब, असं दृश्य बघितलंय. स्प्रिंग गरम पाण्यात धुऊन उन्हात तापवल्याशिवाय घरात आणायची नाही.

जाता जाता एक. आमच्याकडं कन्नडात गुंत्याला सिक्कु म्हणतात, आणि मासा मिळाला तर मीनु सिक्कितु. दोन्हींत एका अक्षराचंच अंतर. मार्कंडेयकाठना पहिलंच मिळालं.

मलप्रभेची_लेक

सगळे वाचतेय, छान चाललंय. दोन गोष्टी कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

आमचं गाव खानापूरच्या बाजूला, बाबांबरोबर लहानपणापासून नदीवर जाते. माझ्या मुलीनं चार वर्षांची असताना बाबांच्या पिशवीत हात घातला आणि गळ अंगठ्याच्या पेरात गेला. बाबांनी घाबरून मागं ओढला. उलटा दात असताना मागं ओढायचं नसतं, जखम फाटते. तसंच धरून डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी बधिर करून टोक पुढून बाहेर काढलं, दात कापला आणि मग दांडा मागं घेतला. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे की गळ उघडा ठेवायचाच नाही. चकतीवर असला तरी वरून झाकण. माळ गुंडाळायच्या आधी प्रत्येक गळावर शहाळ्याच्या नळीचा दोन सेंमी तुकडा चढवते आणि नळीचं तोंड चिमटून दुमडते. दहा पैशांचं काम, पण पिशवीत हात घालताना जीव मुठीत धरावा लागत नाही.

दुसरं, तो गोळा सोडवताना कापलेल्या तंगूसाचं काय केलंत? तंगूस कुजत नाही. हिडकल धरणाच्या खाली धुपदाळला घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. तिथं गळ टाकायचा नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण वर कापून फेकलेली दोरी पाण्याबरोबर तिकडंच जाते आणि बगळ्या-करकोच्यांच्या पायात अडकते. मी पिशवीत एक रिकामी बाटली ठेवते, कापलेलं सगळं तिच्यात.

हिडकलचा_बगळा

ताई, बगळ्यातर्फे आभार. बाटलीचं उद्यापासून.

मार्कंडेयकाठ

ताई, खरं सांगू? धक्क्यावरच टाकून आलो. पुढच्या वेळी बाटली घेऊन जातो.

एक शंका. सबिकी पाकिटातून काढली की पुन्हा त्याच पुठ्ठ्यावर का बसत नाही?

कारवारवारी

कारण ती जपानी माणसानं बसवलेली असते आणि आपण पाच वाजता थंडीत बसवत असतो. सबिकीचे गळ एवढेसे, फांद्या केसाएवढ्या आणि त्यावर माशाची कातडी नाहीतर चमकी. पुठ्ठ्याच्या खाचा पहिल्या खेपेलाच फाटतात. तिला काळा फोमचा नळाच बरा, सहा गळ एका रेषेत रुतवायचे. जास्त वापरलेली सबिकी मी ठेवतच नाही. खारं पाणी लागलं, चमकी गेली, फांदीला मुरड पडली की कापून बाटलीत. सोडवायला तास घालवण्यापेक्षा नवी परवडते. घरी बांधलेल्या माळेचं तसं नाही, तिच्यात आपला रविवार गेलेला असतो.

न वापरलेल्या माळांना लग्नपत्रिका चांगली. लग्नसराई संपली की घरात ढीग असतो. जाड, गुळगुळीत, आणि मागं कोऱ्या जागेवर गळाचा नंबर लिहिता येतो. ओली माळ मात्र पत्रिकेवर नको.

तंगूसअण्णा

ओल्यावरून. समुद्रावरून आलं की माळा गोड्या पाण्यात बुडवून ठेवायच्या, अर्धा तास तरी. मग सावलीत वाळवायच्या. उन्हात नको, उन्हानं तंगूस कडक होऊन तुटतो. पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात नाही. एक ओली माळ शेजारच्या चार कोऱ्या माळांना गंज लावते. बुटांच्या खोक्यात मिळतात त्या दाणेदार पुड्या टाकून द्यायच्या नाहीत, दोन-तीन डब्यात घालून ठेवा.

सहा महिन्यांनी काढलेली माळ वळलेली असेल तर ओल्या फडक्याच्या चिमटीत धरून सावकाश ओढा. कोरड्या बोटानं जोरात ओढू नका, घासून तापते आणि तिथंच कच्ची होते. ओढताना हाताला कुठं खरखर लागली तर ती माळ मोठ्या माशासाठी वापरायची नाही.

मार्कंडेयकाठ

मंडळी, हिशेब द्यायला आलोय.

फांद्या कापून १२ सेंमी केल्या. ट्यूबच्या रिंगा कापल्या. काल पुन्हा वेंगुर्ला, तोच रस्ता, आंबोलीत धुकं एवढं की पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून उतरलो. धक्क्यावर डबा उघडताना हात थरथरत होता. तीन चकत्यांवर पाच माळा, जशाच्या तशा. भोवरा जोडला, बगळ्यासारखा मागं सरकलो, दीड मिनिटात माळ पाण्यात. सबिकी फोमवरून चारातल्या तीन नीट निघाल्या, चौथीला शिसं लावूनच ठेवली होती, तिचं काय झालं ते अण्णांना वेगळं सांगायला नको. सतरा बांगडे. ते पोरगं आलं होतं. ह्या वेळी बोललं, म्हणालं, "चप्पल कसली वो?"

एकच अडचण. चप्पल आईची होती. जुनी वाटली म्हणून उजवी कापली. जुनी नव्हती. डावी तशीच कोरी पडून आहे, सात नंबर, निळी. कुणाला माळांसाठी हवी असेल तर टिळकवाडीत येऊन घेऊन जा, घरात दिसली की विषय निघतो.

हिडकलचा_बगळा

तीन तुकडे निघतील. येतो रविवारी.